सेव्हन नाइन्टी सेव्हन

कागद साधाच. अमेरिकन लेटर आकाराचा, म्हणजे आपल्या ए-फोरपेक्षा रुंदीला किंचित जास्त आणि उंचीला बोटभर कमी. त्यामुळे इथून नेलेल्या प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये तो कधी धड बसत नाही. कड दुमडते आणि खाली जागा रिकामी राहते. वर अमेरिकन सरकारचं नाव, त्याखाली चौकटीच चौकटी आणि फॉर्मचा नंबर : आय-७९७. अमेरिकेत नोकरी करायला लागणाऱ्या एच-वन-बी व्हिसाच्या वाटेला गेलेले लोक त्याला नुसतं ‘सेव्हन नाइन्टी सेव्हन’ म्हणतात. कौतुक होतं ते पासपोर्टात चिकटलेल्या रंगीत व्हिसाचं, पण संसार चालतो तो या रंग उडाल्यासारख्या दिसणाऱ्या कागदावर.

कोथरूडचे सासरे फोनवर विचारतात, ‘‘मग, व्हिसा आला म्हणायचं का?’’

‘‘नाही बाबा, सेव्हन नाइन्टी सेव्हन आलाय.’’

‘‘म्हणजे पावती?’’

‘‘पावती मागेच आली. हे अप्रूव्हल आहे.’’

‘‘मग व्हिसा?’’

‘‘त्यासाठी मुंबईला स्टॅम्पिंगला जायचं.’’

‘‘अहो, मग मंजूर नक्की काय झालं?’’

सासऱ्यांनी वर्मावरच बोट ठेवलं. मंजूर झालेली असते ती कंपनीची याचिका. कंपनी आधी तिथल्या कामगार खात्याकडे एलसीए भरते : या कामाला या भागात जो पगार चालतो, त्याहून कमी देणार नाही. मग आय-१२९ नावाचा जाडजूड अर्ज वकिलाकरवी जातो. त्याला आलेलं उत्तर म्हणजे हा कागद. तो जातो वकिलाकडे आणि कंपनीकडे. ज्याच्या आयुष्याबद्दल हे सगळं चाललंय, त्याच्या हाती बहुतेक वेळा पीडीएफच लागते.

याचं गोत मोठं आहे. नावापुढे सी असला तर ती नुसती पोच. तिच्यावर पेढे वाटू नयेत. बी हा भारतात बसलेल्यासाठी, व्हिसाच्या खिडकीपर्यंत सोबत करणारा. ए हा अमेरिकेतच असलेल्यांचा. त्याच्या तळाशी राहायची मुदत सांगणारा आय-९४चा तुकडा असतो, कापून पासपोर्टात ठेवायला. पण अख्ख्या कागदाला कात्री लावायचा धीर सहसा कोणाला होत नाही.

स्वभावाने तो कमालीचा सावध. मी व्हिसा नाही आणि व्हिसाऐवजी मला वापरू नका, असं तो स्वतःच अंगावर छापून फिरतो. बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीत लोक त्याला तीन-तीन प्रतींत घेऊन जातात. खिडकीपलीकडचा अधिकारी संगणकात बघून याचिका खरी आहे का ते पडताळतो. कागद काचेखालून सरकवायची वेळ पुष्कळदा येतच नाही. आणि एखाद्याच्या हातावर व्हिसा तूर्त रोखल्याची, २२१(जी)ची चिठ्ठी पडली, की हा फोल्डरमध्ये गप्प बसून राहतो. आपण मंजूर असूनही माणूस अडकला, याचं त्याला काही वाटत नाही. ते त्याचं खातंच नव्हे.

जन्माला येणं मात्र त्याला सोपं नाही. १९९०च्या कायद्याने एच-वन-बीचा हा रस्ता आखून दिला. आज वर्षाला जागा ६५,०००, शिवाय अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी २०,०००. मार्चमध्ये नोंदणी, मग निवड, १ एप्रिलपासून याचिका आणि १ ऑक्टोबरला कामावर रुजू. २०२३च्या मार्चमध्ये साडेसात लाखांहून जास्त नोंदण्या झाल्या होत्या. एकाच माणसासाठी चार-चार कंपन्या चिठ्ठी टाकत होत्या, म्हणून पुढल्या वर्षापासून एका माणसाची एकच चिठ्ठी धरायला लागले.

एकदा जन्मला, की घरात त्याचाच शब्द चालतो. उजवीकडे दोन तारखा असतात, महिना आधी लिहिलेल्या. १०/०१ म्हणजे पोरगा १० जानेवारीला रुजू होणार, असं आई शेजारी सांगून मोकळी होते. दुसरी तारीख जास्तीत जास्त तीन वर्षांपुढची. पुष्कळ राज्यांत गाडीचं लायसन्स तिथवरच. जोडीदार म्हणून बायकोला मिळालेलं एच-फोर तिथवरच. भाचीच्या लग्नाला यायचं की नाही, हेही तीच ठरवते, कारण आलं की स्टॅम्पिंग आलं. तारीख संपायच्या आत मुदतवाढीचा अर्ज पडला, तर त्याच कंपनीत २४० दिवस काम चालू ठेवता येतं. नोकरी गेली, तर तारीख कितीही लांबची असो, हातात फार तर ६० दिवस. तेवढ्यात नवी कंपनी, म्हणजे नवी याचिका, म्हणजे नवा सेव्हन नाइन्टी सेव्हन. नाहीतर सामान बांधायचं.

त्याच्या चौकटी सातबाऱ्यासारख्या वाचाव्या लागतात. कब्जेदाराच्या सदरी कंपनी. राबणाऱ्याचं नाव खालच्या चौकटीत, कुळाने इतर हक्कांत असावं तसं. नाव लागलंय याचा आनंद खरा, आणि जमीन आपली नाही हेही खरं.

१९ सप्टेंबर २०२५च्या शुक्रवारी अमेरिकेच्या अध्यक्षांनी हुकूम काढला : एच-वन-बीच्या याचिकेमागे एक लाख डॉलर, अंमल २१ तारखेपासून. इकडे ती सर्वपित्री अमावस्या. सुट्टीवर आलेल्यांना कंपन्यांचे निरोप आले, आहात तसे निघा. श्राद्धाची तयारी सोडून लोक तिकिटं शोधायला लागले. हुकमाच्या दुसऱ्या दिवशी खुलासा झाला, की ही रक्कम नव्या याचिकांना आहे, जुन्यांना नाही. तेव्हा फोल्डरमधल्या त्या दुमडलेल्या कागदाचा भाव एकदम वधारला. जुना असण्याचा इतका उपयोग त्याला आधी कधी झाला नव्हता.

सहा वर्षं ही एच-वन-बीची एरवीची कमाल. त्यापुढे राहायचं तर कंपनीने ग्रीन कार्डासाठी आय-१४० हा अर्ज मंजूर करून घ्यावा, आणि रांगेत उभं राहून पुन्हा तीन-तीन वर्षांनी हाच कागद आणावा. कोणत्याही एका देशाला वर्षाच्या कोट्यातला साधारण सात टक्क्यांहून जास्त वाटा नाही, म्हणून भारतीयांची रांग हलता हलत नाही. आपल्याकडे कूळकायद्याने एक तारीख नेमली होती, १ एप्रिल १९५७. त्या दिवशी कसणारा कायद्याने मालक मानला गेला. तिकडेही १ एप्रिल मोठाच दिवस, पण त्या दिवशी नवी कुळं नोंदायला घेतात.

ज्यांची रांग संपते, त्यांना वाटतं, आता या कागदाचं तोंड बघायला नको. पण ग्रीन कार्ड मंजूर झाल्याचं पत्र येतं, तेही आय-७९७च असतं. तीच कोरडी भाषा, त्याच चौकटी. फरक एवढाच, की या खेपेला वरच्या चौकटीत कंपनी नसते. अर्जदार म्हणून आपलंच नाव असतं.