सागरेश्वर : माणसांनी उभं केलेलं रान

मुलांनो, टीव्हीवर किंवा भूगोलाच्या पुस्तकात तुम्ही अमेरिकेतली ग्रँड कॅन्यन नावाची दरी नक्की पाहिली असेल. कोलोरॅडो नदीने खडक कापत कापत दीड किलोमीटरहून जास्त खोल केलेली, तांबड्या-पिवळ्या थरांची. लोक तिथे पाठीवर पिशवी टाकून दिवस-दिवस पायवाटा तुडवतात. ते चित्र बघितलं की वर्गात एक तरी पोरगं विचारतंच, "गुरुजी, असं आपल्याकडं कुठंय?"

आहे की! महाबळेश्वरच्या आर्थर सीटवर उभे राहा आणि सावित्री नदीच्या दरीत डोकावा. कड्यांचे थरावर थर दिसतील. पण तिथे सगळेच जातात. मी आज तुम्हाला नेणार आहे सांगली जिल्ह्यातल्या एका कोरड्या, खडकाळ डोंगरावर. याची दरी काही ग्रँड कॅन्यनसारखी नाही, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर मागाहून रुसाल. पण या डोंगराची गोष्ट मात्र त्या दरीला सांगता येणार नाही अशी आहे.

डोंगराचं नाव सागरेश्वर. पुणे-मिरज रेल्वेने आलात तर ताकारी नाहीतर किर्लोस्करवाडीला उतरायचं. ताकारीहून देवराष्ट्र्याच्या रस्त्याला लागलं की डोंगर समोरच येतो. कडेगाव, वाळवा आणि पलूस हे तीन तालुके इथे एकमेकांना भेटतात. पूर्वी हा सगळा मुलूख सातारा जिल्ह्यातच होता. 1949 साली दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि 1960 साली त्याचं नाव सांगली ठेवलं. म्हणून इथल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अजून सातारा येतो.

निघायचं सकाळी लवकर. थंडीचे दिवस उत्तम. आम्ही जानेवारीत गेलो होतो, तेव्हा पायथ्याच्या शेतांत शाळू पोटरीला आला होता. उन्हाळ्यात अकरानंतर इथला खडक असा तापतो की चपलेतूनही चटका बसतो. माणशी दोन बाटल्या पाणी हवंच, कारण वर झरा नाही, ओढा नाही. बारमाही पाणी या डोंगराला ठाऊकच नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पायथ्याशी सागरेश्वराचं जुनं देऊळ आहे. एक मोठं मंदिर आणि त्याच्या अवतीभवती पन्नासेक लहान-लहान देवळं. दगडी, बुटकी, सावलीची. श्रावणी सोमवारी इथे पाय ठेवायला जागा नसते, पण एरवी एवढी शांतता की पारव्यांची घूंघूं तेवढी ऐकू येते. जवळचं देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचं आजोळ. महाराष्ट्र राज्याचे पहिले मुख्यमंत्री 12 मार्च 1913 रोजी याच गावात जन्मले.

देवळापासून थोडी चढण चढलं की अभयारण्याचं फाटक येतं. तिकीट काढायचं, नाव लिहायचं आणि चालू लागायचं.

आता पायाखाली बघा. काळा दगड. हा बसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीला मोठमोठ्या भेगा पडल्या आणि त्यांतून तापलेला लाव्हा बाहेर पसरला. तो थंड झाला, मग दुसरा लोंढा आला, मग तिसरा. आपला महाराष्ट्र असा थरांनी घडला. म्हणून आपल्या डोंगरांचे माथे सपाट आणि कडा पायऱ्यांसारख्या. शास्त्रज्ञ याला 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात. तो ट्रॅप म्हणजे सापळा नव्हे बरं का! स्वीडिश भाषेतल्या जिन्याच्या शब्दावरून ते नाव आलंय. ग्रँड कॅन्यनचे थर मात्र बहुतेक गाळाचे, पाण्याने आणि वाऱ्याने आणून टाकलेले. आपले आगीचे. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे विटेसारखा लाल पट्टा दिसतो. दोन लोंढ्यांमध्ये बराच काळ गेला, तेवढ्यात खडकाची माती झाली आणि वरून नवा लाव्हा आल्यावर ती भाजून निघाली. घाटातून एसटीने जाताना खिडकीतून हा पट्टा शोधायचा खेळ खेळून बघा. उलटी होत नाही, हा त्याचा जास्तीचा फायदा!

वाटेच्या दोन्ही बाजूंना खैर, बाभूळ, बोर, कडुनिंब. काटेरी झाडंच जास्त. पानं बारीक, कारण मोठं पान म्हणजे पाण्याचा खर्च. झाडांनाही हिशेब कळतो. चालताना शर्टाची बाही काट्यात अडकतेच. ओढू नका, मागे या आणि सोडवा.

आणि आता ती गोष्ट. हे रान इथे नव्हतं. उघडाबोडका डोंगर होता. एका झाडवेड्या माणसाने, वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी, हा डोंगर हिरवा करायचा ध्यास घेतला. गावकरी, वनखातं यांना बरोबर घेतलं. रोपं लागली, चराई थांबली, कुंपण झालं. हरणं आणि इतर बरेचसे प्राणी बाहेरून आणून सोडले. 1985 साली शासनाने याला अभयारण्य म्हणून जाहीर केलं. क्षेत्रफळ जेमतेम 10.87 चौरस किलोमीटर. म्हणजे लांबी-रुंदीला साधारण सव्वातीन-सव्वातीन किलोमीटरचा चौकोन. मोठमोठ्या जंगलांपुढे हे चिमूटभरच. पण ती जंगलं निसर्गाने दिली, हे माणसांनी केलं. पाणी नसलेल्या डोंगरावर रोप जगवणं म्हणजे काय, ते शाळेच्या आवारात लावलेली झाडं मे महिन्यात कोण सांभाळतो त्यालाच विचारा.

प्राणी दिसतील का? गोंगाट केलात तर नाही. आमची चाळीस पोरं होती, त्यामुळे पहिला तासभर आम्हाला फक्त लेंड्या दिसल्या. पण त्याही बघण्यासारख्या असतात! मग एका वळणावर सगळ्यांना खाली बसवलं, तोंडावर बोट. दहा मिनिटांनी झुडपातून एक सांबर बाहेर आलं. कान केवढे! आमच्याकडे बघितलं, पुढचा पाय आपटला आणि गेलं. एक पोरगी नंतर म्हणाली, "सर, त्याला आमचा राग आला." असेलही, पण सांबर धोका वाटला की पाय आपटून इतरांना सावध करतं.

इथे काळवीटही आहेत. दोघांच्या डोक्यावरच्या दागिन्यांत फरक आहे. सांबराच्या नराची शिंगं फांद्या फुटलेली आणि भरीव हाडाची. ती गळून पडतात आणि पुन्हा नवी येतात. काळवीटाची शिंगं पिळाची, फांदी नसलेली, आतून हाड आणि वरून नखासारखं कवच. ती जन्मभर राहतात. रानात गळलेलं शिंग सापडलं तर उचलून घरी आणायचं नाही, कायद्याने बंदी आहे. सायाळीचा काटा सापडला तरी बघायचा आणि तिथेच ठेवायचा.

डोंगराच्या कडेवर कमळभैरवाचं देऊळ आहे, अर्धं खडकात कोरलेलं. त्याच्या अंगणातून खाली बघताना एकमेकांना ढकलाढकली केलीत तर तिथूनच परत, असं आम्ही आधीच बजावलं होतं. कड्यावर मस्ती नाही म्हणजे नाही.

भाकरी सोडायची ती किर्लोस्कर पॉइंटवर. इथून खाली जे दिसतं, त्यासाठीच एवढं चालायचं. कृष्णा नदी वळणं घेत चाललेली, दोन्ही काठांना उसाचे हिरवे पट्टे, मध्येच रेल्वेची रेघ. तिथे ती किर्लोस्करवाडी. 1910 साली औंध संस्थानातल्या एका ओसाड माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना आणि गाव वसवलं. पलीकडे कुंडल. 1943 सालापासून या भागात इंग्रजांना न जुमानता जे प्रतिसरकार चाललं, त्याचं हे मोठं केंद्र. क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. बापू लाड ही नावं तुम्ही ऐकली असतील. डोंगर, माळ, राज्य... इथल्या लोकांना नाही ते उभं करायची सवयच दिसते.

आता जरा डोकं चालवा. खाली एवढं हिरवं आणि आपण बसलोय ते एवढं कोरडं, असं का? कृष्णा उगम पावते महाबळेश्वरात. तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. इथून ते सरळ रेषेत शे-सव्वाशे किलोमीटर. पण ढग सह्याद्रीवरच रिते होतात आणि इथे त्याचा आठवा-नववा भागच कसाबसा पोचतो. नदी मात्र तिकडचं पाणी इकडे आणते. ताकारी योजनेत हेच पाणी मोठ्या पंपांनी उचलून पलीकडच्या दुष्काळी गावांना देतात. माणसाने पाणी डोंगरावर चढवलं म्हणा ना.

रानातल्या जनावरांना मात्र उन्हाळ्यात पाणवठ्यांत पाणी आणून भरलं तरच प्यायला मिळतं. गवत वाळलं की एका काडीने वणवा लागतो आणि लावून वाढवलेली झाडं तासाभरात काळी होतात. म्हणून फाटकावर काडेपेटी आहे का विचारतात, तेव्हा हसू नका. आणि वेफर्सची रिकामी पुडी? हरणाला त्यातलं मीठ आवडतं, ते पुडीसकट खातं. आमच्या पोरांनी येताना गोणभर पुड्या गोळा केल्या. त्यातली एकही आमची नव्हती, हे मी स्वतः मोजून सांगतो!

उन्हं कलली की खाली उतरायचं. पाय दुखतात, पण याच वेळी मोर ओरडतात आणि पाणवठ्याकडे जनावरं सरकू लागतात. फाटक बंद व्हायच्या आत बाहेर.

खाली रस्त्यावर एसटीची वाट बघत होतो. शेजारी डोक्याला मुंडासं बांधलेले एक आजोबा बसले होते. त्यांनी पोरांना विचारलं, "काय रं, हरणं दिसली का?" पोरं ओरडली, "एकच सांबर दिसलं, आजोबा!"

"आन् त्येच्यासाठी एवढं वर गेलासा?" आजोबा म्हणाले. "रातच्याला माझ्या शाळूत या. कुंपण वलांडून धा-धा येत्यात. माळ्यावर बसून राखण करतोय म्या महिनाभर."

"मग तुम्ही त्यांना मारत नाही?" एकाने विचारलं.

"मारतोय कुठं," आजोबा म्हणाले, "पत्र्याचा डबा बडवतो. त्यास्नी तरी वर काय हाय खायला?" आणि एसटी आली.