एकदांडीचं माहेर

परवा शनिवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये लेकीचा गुडघा फुटला. जखम धुतली आणि सवयीने कुंपणाकडे पळालो... एकदांडी! लांब दांडीवर एकच छोटंसं पांढरं-पिवळं फूल. आजी हिचाच पाला चुरडून रस लावायची. "आपलं गावठी औषध आहे," म्हणायची. मीही लेकीला तेच ऐकवलं.

रात्री सहज शोधलं, तर बाईंचं माहेर मेक्सिको, मध्य अमेरिका! लिनियसने १७५३ मध्ये नाव दिलं, ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स. मिरचीसारखीच तिकडची. म्हातारीसारखी उडणारी बी, त्यामुळे आता जगभर तण म्हणून बदनाम. च्यायला, आणि आम्ही गावठी म्हणतोय!

आजीशी यावर मस्त भांडता आलं असतं. ती जाऊन चार वर्षं झाली. लेकीला खरं सांगेन... गुडघ्याची खपली पडू दे आधी.