घंटा वाजविण्याची वेळ

आमच्या घरी देवघराबाहेरच्या कोनाड्यात एक घंटा आहे. येणाऱ्याजाणाऱ्यांना ती देवाची वाटते. प्रसाद घेता घेता एखादा पाहुणा ती उचलून पाहतो आणि मग आम्हाला खुलासा करावा लागतो. गाईच्या गळ्यात बांधतात त्या जातीची ती जाड पत्र्याची घंटा आहे. तोंड चपटे, रंग किरमिजी. माथ्यावर वेल्डिंग करून बसविलेली लोखंडी दांडी आणि दांडीला सायकलच्या हँडलची रबरी मूठ. देवघरात तिला जागा द्यावयाची नाही, हा आमच्या सौ.चा निर्णय. मात्र दर शनिवारी तिच्यावरची धूळ तीच पुसते.

२०१९ च्या नोव्हेंबरात आम्ही उभयता कन्येकडे अमेरिकेत गेलो होतो. ती तेव्हा मिसिसिपी राज्यातील स्टार्कव्हिल या गावी, मिसिसिपी स्टेट युनिव्हर्सिटीत संशोधन करीत होती. अमेरिका म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे गगनचुंबी इमारती येतात. येथे पाहावे तिकडे पाइनची झाडे, कुरणे आणि त्यांच्या मधोमध विद्यापीठ. १८७८ साली शेतकी व यंत्रविद्या शिकविणारे महाविद्यालय म्हणून त्याची स्थापना झाली. दुधदुभत्याची परंपरा अशी की विद्यापीठ स्वतःचे चीज तयार करून लाल मेणाच्या गोळ्यांत विकते. सौ.ला ते मुळीच आवडले नाही, आम्ही मात्र दोन गोळे संपविले. असो.

या विद्यापीठाचा हाडवैरी शंभरेक मैलांवर ऑक्सफर्ड गावी आहे. तेथील युनिव्हर्सिटी ऑफ मिसिसिपी वयाने वडील. वकील, डॉक्टर आणि जमीनदार घराण्यांतील मुले परंपरेने तिकडे जात. शेतकऱ्यांची मुले इकडे. दोहोंच्या फुटबॉल सामन्यात १९२७ पासून एका सोनेरी करंडकासाठी झुंज होते. करंडकावरचा चेंडू अंड्यासारखा दिसतो, म्हणून त्याचे नावच 'सोन्याचे अंडे'. दंतकथा अशी आहे की, एका वर्षी या दोघांचा सामना चालू असताना एक जर्सी गाय मैदानात शिरली. त्या दिवशी स्टेटचा संघ जिंकला. मुलांनी गाय शुभशकुनाची मानली आणि पुढे काही सामन्यांना ती आणलीही. गाईला मैदानावर वागविण्यातल्या अडचणी आपल्याला सांगावयास नकोत! शेवटी गाय गोठ्यात गेली आणि तिच्या गळ्यातली घंटा मैदानावर राहिली. घंटांची प्रथा १९३० च्या दशकाच्या अखेरीस आणि १९४० च्या दशकाच्या आरंभी रूढ झाली, असे सामान्यतः मानतात.

आम्हाला या कथेतील गाईपेक्षा तिच्यामागची भावना महत्त्वाची वाटते. प्रतिस्पर्धी हिणवीत, की हे गुराख्यांचे कॉलेज. ज्याला हिणवावयाचे त्याने तीच वस्तू हाती घेऊन वाजविण्यास आरंभ केला, म्हणजे हिणविणाऱ्याजवळ उरते काय? पुढे १९६० च्या दशकात दोन प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांच्या आग्रहावरून घंटेला दांडी जोडून दिली. मागणी एवढी वाढली की विद्यार्थीसंघटनेने घंटा घाऊक आणविल्या आणि एका विद्यार्थिमंडळाने दांड्या जोडण्याचे काम अंगावर घेतले. १९६४ पासून त्या विद्यापीठाच्या पुस्तकदुकानात विकल्या जाऊ लागल्या. आमच्या घंटेवरची सायकलची मूठ त्याच परंपरेतली.

येथवर सारे कौतुकाचे झाले. परंतु अमेरिकन फुटबॉलमध्ये आवाज ही निरुपद्रवी गोष्ट नव्हे. खेळ तुकड्यातुकड्यांनी चालतो. प्रत्येक तुकड्याआधी चढाई करणाऱ्या संघाचा म्होरक्या आपल्या गड्यांना ओरडून खुणेचे शब्द सांगतो. ते ऐकू गेले नाहीत तर एखादा गडी वेळेआधी हलतो आणि संघाला दंड बसतो. पाहुण्या संघाजवळ चेंडू असताना हजारो घंटा वाजू लागल्या, तर तो खेळात हस्तक्षेपच झाला. साउथईस्टर्न कॉन्फरन्स या संघटनेत तेव्हा दहा विद्यापीठे होती. १९७४ साली नऊ विरुद्ध एक अशा मतांनी कृत्रिम ध्वनिसाधनांवर बंदी आली. ते एक मत कोणाचे, हे सांगावयास नको.

घंटावाल्यांचे म्हणणे पुढीलप्रमाणे. इतर मैदानांवर ध्वनिक्षेपकांतून कानठळ्या बसविणारे संगीत लावतात ते चालते. आम्ही मनगट दुखेपर्यंत वाजवितो ते मात्र कृत्रिम! या युक्तिवादात निम्मे तथ्य आहे. उरलेले निम्मे त्या पाहुण्या म्होरक्याच्या बाजूला आहे. नऊ जणांचे म्हणणे द्वेषाचे होते, असे आम्हाला वाटत नाही.

बंदी आली, घंटा मात्र थांबल्या नाहीत. कोटाच्या आत, पर्समध्ये, जमेल तशा लोक त्या मैदानात नेत राहिले. संघटनेबाहेरच्या संघांशी सामना असला की उघड वाजवीत. हे ३६ वर्षे चालले. नियम कागदावर होता आणि घंटा पिशवीत होती. सरकारी सेवेत जन्म गेलेल्या माणसाला ही स्थिती फार ओळखीची वाटते.

येथे आमच्याविषयी थोडे सांगणे भाग आहे. मध्य प्रदेश शासनाच्या सेवेत असताना आम्ही माळव्यातील एका तालुक्याच्या गावी अनुविभागीय अधिकारी होतो. कोलाहल नियंत्रण अधिनियम १९८५ चा आहे, केंद्राचे ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० चे. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद हे त्यांत होतेच. २०१० च्या दुरुस्तीने वाद्येही त्यात आली. वर्षातले पंधरापर्यंत दिवस सांस्कृतिक वा धार्मिक प्रसंगी मध्यरात्रीपर्यंत सूट देण्याचा अधिकार राज्य शासनाला आहे. गावात जुन्या मराठी घराण्यांचे एक गणेशमंडळ होते. त्यांचे ताशे पिढीजात; चामडे शेकून ताणण्यापासून वाजविण्यापर्यंत सारे घरचे. २०११ साली त्यांनी विसर्जनाच्या रात्रीसाठी सूट मागणारा अर्ज केला. आम्ही तो वर पाठवावयास हवा होता. पाठविला नाही. वेळ कमी होता हे खरे; आपल्याच माणसांसाठी धडपडलो असे कोणी म्हणू नये, ही भीती त्याहून खरी. रात्री दहाला शिपायाने ताशे थांबविले. मूर्ती नदीपर्यंत मुकाट्याने गेली.

दुसऱ्या दिवशी मंडळाचे वृद्ध अध्यक्ष आमच्याकडे आले. आम्ही त्यांना बसावयास सांगितले, ते बसले नाहीत. म्हणाले, "साहेब, आपण नियमाप्रमाणेच केलेत. तक्रार नाही. मुलांनी ताशे माळ्यावर टाकले, तेवढे सांगावयास आलो." पुढल्या वर्षी मिरवणूक दुपारीच निघाली. ताशे नव्हते, ट्रकवर भाड्याचे ध्वनिक्षेपक होते. ते दहाच्या आत बंद होत. ध्वनी मोजण्याचे यंत्र आमच्यापाशी नव्हते, म्हणून आमच्या दप्तरी ती मिरवणूक निर्दोष ठरली.

स्टार्कव्हिलचा इतिहास ऐकताना २०१० हे साल पुन्हा पुढे आले, तेव्हा आम्ही चपापलो. त्याच वर्षी त्यांच्या संघटनेने, आता बारा झालेल्या विद्यापीठांच्या एकमताने, एक वर्षाच्या प्रयोगादाखल तडजोड मान्य केली होती. सामन्यापूर्वी, मध्यंतरात, खेळ थांबलेला असताना आणि गुण झाल्यावर घंटा वाजवावी. मधला खेळाडू चेंडूवर वाकला की बंद. पंचाची शिटी होऊन खेळ थांबला की पुन्हा मोकळीक. नियम मोडल्यास दंड प्रेक्षकाला नव्हे, विद्यापीठाला. 'जबाबदारीने वाजवा' अशी घोषणा विद्यापीठाने काढली. तरी पहिल्याच हंगामात दंड भरावा लागला. ३६ वर्षे चोरून वाजविणाऱ्या हातांना घड्याळ एकदम कसे कळणार? परंतु सवलत काढून घेतली गेली नाही, पुढे ती कायम होत गेली.

त्याच उन्हाळ्यात दक्षिण आफ्रिकेत फुटबॉलचा विश्वचषक झाला आणि वुवुझेला नावाच्या लांब पिपाणीने जगाला हैराण केले, हे वाचकांना आठवत असेल. जागतिक संघटनेने ती चालू दिली. युरोपच्या संघटनेने सप्टेंबरमध्ये आपल्या स्पर्धांत तिला बंदी केली. एकाच पिपाणीसाठी दोन टोकांचे दोन निर्णय. वेळ वाटून देण्याचा मार्ग स्टार्कव्हिलला सुचला, तो दोघांपैकी कोणालाही सुचला नाही.

परंपरा आहे म्हणून ती राखलीच पाहिजे, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. ऑक्सफर्डच्या विद्यापीठातही एक परंपरा होती. तेथे प्रेक्षक गुलामगिरी टिकविण्यासाठी लढलेल्या दक्षिणेकडील राज्यांचा युद्धध्वज सामन्यात फडकवीत. कृष्णवर्णीय खेळाडूंनी त्या ध्वजांच्या गर्दीत कोणत्या मनाने खेळावे? १९९७ साली त्या विद्यापीठाने मैदानात काठ्या आणण्यास मनाई केली. ध्वजाचे नावही न घेता, काठीच्या नियमाने ध्वज ओसरला. ही प्रशासकीय युक्ती आम्हाला मनापासून आवडली. घंटेने कोणाचा अपमान होत नव्हता; एका संघाचा खोळंबा होत होता. खोळंब्यावर वेळापत्रकाचा उपाय चालतो. अपमानावर तो चालत नाही.

२८ नोव्हेंबर २०१९ ची रात्र. अमेरिकेत त्या दिवशी थँक्सगिव्हिंगचा सण असतो. कन्येने तिकिटे काढली होती. १९१४ पासून त्याच जागी असलेले ते मैदान, साठ हजारांहून अधिक माणसे मावतील एवढे आता वाढलेले. अंगावर तीन थर कपडे घालून आम्ही बसलो. शेजारी एक वृद्ध दांपत्य होते. गृहस्थ याच विद्यापीठात शेतकी शिकलेले. घंटा वाजू लागल्या तेव्हा सौ.ने कानांवर हात ठेवले. आम्हाला आधी आवाज असा ऐकूच आला नाही; छातीत काहीतरी थरथरते आहे, एवढेच जाणवले. मग मधला खेळाडू चेंडूवर वाकला. शेजारच्या गृहस्थांनी घंटा उलटी करून तिचा लोलक मुठीत धरला. पुढच्या रांगेतही तेच. सगळीकडे नाही, कोठेतरी दहावीस घंटा चुकारपणे वाजतच होत्या. त्या दिशेला आमच्या गृहस्थांनी मान वळवून अशा नजरेने पाहिले की आम्हाला आमचे शाळेतले गणिताचे गुरुजी आठवले.

बंदीच्या काळात या बाई तान्ह्या मुलाच्या लंगोटांच्या पिशवीतून घंटा आत नेत. लोलकाला मोजा गुंडाळलेला असे. हे सांगताना दोघेही हसत होते. मुलांचा उल्लेख झाला म्हणून सौ.ने आमच्या नातवाचे छायाचित्र दाखविले. सामन्याचा बराच वेळ त्यातच गेला, हे कबूल केले पाहिजे.

शेवटचा प्रसंग मात्र डोळ्यांपुढून जात नाही. स्टेट २१, पाहुणे १४. सामना संपण्यास ४ सेकंद उरले असताना पाहुण्यांनी गोल रेषा ओलांडून सहा गुण मिळविले. आता एक सोपी लाथ बसली की बरोबरी. परंतु गुण मिळविणाऱ्या खेळाडूला आनंद आवरला नाही. स्टेटचे बोधचिन्ह बुलडॉग कुत्रा. हा गडी चारी पायांवर होऊन कुत्र्यासारखा एक पाय वर करून दाखवू लागला. पंचांनी असभ्य वर्तनाबद्दल १५ यार्डांचा दंड केला. लाथ तेवढ्या लांबून मारावी लागली. चेंडू वाकण्याच्या त्या क्षणी आमच्या रांगेतल्या सगळ्या घंटा मुठीत होत्या. माणसे नरडी फाडून ओरडत होती, त्याला मुभा आहे. गृहस्थांचा हात लोलकावर एवढा आवळला होता की बोटांची पेरे पांढरी पडली होती. चेंडू उजवीकडून बाहेर गेला. २१-२०. पुढचा आवाज आम्ही वर्णन करू शकत नाही.

निघताना गृहस्थांनी बाईंच्या हातातली घंटा घेऊन सौ.च्या हाती दिली. विकत घेतलेली घंटा लाभत नाही, कोणी दिलेलीच लाभते, अशी तेथील समजूत आहे. सौ. नको नको म्हणत राहिली. मग तिने आपल्या खांद्यावरची महेश्वरी शाल बाईंच्या अंगावर घातली, तेव्हा तिचे समाधान झाले.

इंदूरला परतल्यावर चार महिन्यांच्या आत टाळेबंदीचे दिवस आले. २२ मार्च २०२० रोजी सायंकाळी पाच वाजता दारांत, सज्जांत उभे राहून पाच मिनिटे टाळ्या, थाळ्या, घंटा वाजवाव्यात असे आवाहन होते. राजवाड्यापाशी त्या सायंकाळी लोक घोळक्याने रस्त्यावर आले, त्याची बातमी सर्वत्र झाली. आम्ही सज्जातच होतो. सौ.ने कोनाड्यातली ती घंटा काढली. गल्लीतल्या साऱ्या थाळ्या तिच्यापुढे फिक्या पडल्या. समोरच्या घरातले आजोबा चष्मा लावून पाहू लागले. आम्ही मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत होतो. पाच वाजून पाच मिनिटे झाली, तसा आम्ही तिचा हात धरला.

"दोन मिनिटे जास्त वाजविली तर कोण दंड करणार आहे?" असे म्हणून तिने हात सोडवून घेतला.