मागे राहिलेल्यांचा प्रवास

वरसई आमच्या पेण तालुक्यातलं गाव. तिथल्या विष्णुभट गोडसे यांनी १८५७ साली घर सोडलं ते कर्जापायी. बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा चांगली मिळेल, घरावरचं कर्ज फिटेल, एवढाच त्यांचा हिशेब होता. चुलते रामभट सोबत होते. वाटेत बंडाची बातमी लागली आणि हा गरीब भिक्षुक झाशीच्या वेढ्यात सापडला. त्यांचं ‘माझा प्रवास’ मी कॉलेजात परीक्षेपुरतं वाचलं होतं. मन लावून वाचलं ते बँकेत प्रमोशन मिळालं आणि बदलीच्या ऑर्डरवर झाशी हे नाव दिसलं तेव्हा.

आमच्या शाखेत प्रमोशन नाकारलेल्या बायका बऱ्याच होत्या. हुशारीत कुणी कमी नव्हती. घर सोडता येत नाही म्हणून त्या क्लार्क म्हणून लागल्या आणि क्लार्क म्हणूनच रिटायर झाल्या. माझ्यापुढेही तोच रस्ता होता. मुलगी पाचवीत होती, सासूबाईंचं वय झालेलं, नवऱ्याची नोकरी पेणलाच. फ्लॅटचे हप्ते होते, पगारवाढीचा आधार होणार होता, आणि सगळ्यांना मी कारण तेच सांगत होते. पण हप्ते नसते तरी मला जायचं होतं. शाखा सांभाळायची होती, कर्जाच्या फायलीवर शेवटची सही आपली असावी असं वाटत होतं. बाईच्या तोंडी ही इच्छा उघडपणे येत नाही. ती कशाच्या तरी गरजेआड लपवावी लागते.

त्या दिवसांत मी प्रवासाची पुस्तकं एकामागून एक वाचली. धर्मानंद कोसंबींचं ‘निवेदन’ त्यातलंच. गोव्यातल्या साखवाळ गावचा, शाळेत फारसा न गेलेला हा तरुण १८९९ साली बुद्धाचा धर्म समजून घ्यायला घराबाहेर पडला. पुणे, काशी, नेपाळ, सिंहल, ब्रह्मदेश असं करत तो परतायला १९०६ साल उजाडलं. पुढे ते हार्वर्डला गेले, फर्ग्युसनमध्ये पाली शिकवली. मराठी माणसाला बुद्ध मुळातून वाचायला मिळाला तो त्यांच्यामुळे, आणि हे ऋण फार मोठं आहे. पण त्या वेळी माझं लक्ष पुन्हा पुन्हा घराकडे जात होतं. ते निघाले तेव्हा घरी बायको बाळाबाई होती, लहान मुलगी होती. त्या जवळजवळ सात वर्षांत बाळाबाईंनी काय केलं, मुलगी बापाविषयी काय विचारायची, हे त्यांच्या बाजूने सांगणारं पुस्तक मला मिळालं नाही. आपल्या वाङ्मयात प्रवास हे आयुष्याचं रूपक झालं, आणि ते घडवलं निघालेल्यांनी. उंबरठ्याच्या आत राहिलेल्यांच्या वाट्याला त्यात फार तर निरोपाचा प्रसंग आला.

कोसंबींचीच आणखी एक गोष्ट मला तेव्हा भेटली. सिद्धार्थाने मध्यरात्री, बायको-मुलगा झोपेत असताना घर सोडलं, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. ‘भगवान बुद्ध’ या पुस्तकात कोसंबींनी ती नाकारली आहे. अरियपरियेसन सुत्तात खुद्द बुद्ध सांगतात की आईबाप रडत असताना, त्यांच्यासमोर, आपण केस उतरवून घराबाहेर पडलो. चोरून जाण्याची गोष्ट नंतरची. मला हे संशोधन फार मोलाचं वाटतं. रात्रीचं जाणं चित्राला शोभतं, कवितेला शोभतं. रडणाऱ्या माणसांसमोर उभं राहून ‘मी निघतो’ म्हणणं अवघड आहे, आणि ज्यांना सोडून जायचं त्यांचा मान त्यातच राहतो.

आमच्या घरी हा प्रश्न अगदी साध्या रूपात आला. गाडी कल्याणहून पंजाब मेल, म्हणजे पेणहून दुपारीच निघायचं. नवऱ्याचं म्हणणं पडलं की मुलगी शाळेत असतानाच निघ, रडारड होणार नाही. सासूबाई पोह्याचे पापड डब्यात भरत होत्या. त्या म्हणाल्या, “आज तिला शाळेत पाठवू नका. आई कुठे गेली हे पोरीला दप्तर टाकल्यावर कळायला नको. रडू दे तिला. मी आहे.” सासूबाई चौथीपर्यंत शिकलेल्या. मुलगी रडली, मीही रडले आणि एसटीत बसले.

झाशीत पहिले काही महिने पीककर्जांच्या फायलींत गेले. खिडकीवर येणाऱ्या शेतकऱ्यांची बुंदेली कानाला बसायला वेळ लागला. रविवारी मी गोडसे भटजींचं पुस्तक घेऊन गावात फिरायचे. किल्ल्याच्या तटावरून जुनं शहर दिसतं. इंग्रज फौज आत शिरल्यावर झालेली कत्तल, लूट, राजवाड्यातल्या ग्रंथसंग्रहाची धूळधाण भटजींनी लिहून ठेवली आहे, ती मी तिथेच बसून वाचली. राणीचं लग्न जिथे झालं असं सांगतात त्या गणेशमंदिरात मराठी आरती ऐकली आणि घरची आठवण आवरेना.

कॅश टॅली झाली की रोज फोन. त्या फोनवर मला घर कळत गेलं. नवरा भाकरी थापायला शिकला. सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत ठरल्या वेळी औषध घालणारी माझी मुलगी होती. तिला पहिली पाळी आली तेही मला फोनवरच कळलं. तिला समजावून सांगायला, जवळ घ्यायला आजी होती. मी शाखेत ऑफिसर म्हणून उभी राहत होते, तेव्हा ती तिघं पेणच्या घरात आपापल्या जागेवरून तितकीच पुढे सरकत होती. गाडीत बसलेली एकटी मी होते, पण प्रवास चौघांचा चालला होता. झाशीला गेल्याचा मला आनंद आहे, आजही आहे. त्या आनंदात त्या तिघांचा वाटा किती, हेही मला ठाऊक आहे.

गोडसे भटजींचं म्हणून मला विशेष वाटतं. वाटेत ते पुन्हा पुन्हा लुटले गेले, दक्षिणेचे पैसे गेले, ज्या कर्जासाठी निघाले त्याला पुरेल असं काही हाती उरलं नाही. तरी काशीहून गंगेची कावड खांद्यावर घेऊन ते वरसईला आले आणि त्या पाण्याने आईवडिलांना स्नान घातलं. ही हकिगत त्यांनी मोडीत लिहून ठेवली. भारताचार्य चिं. वि. वैद्यांनी ती १९०७ साली छापली, आणि लोक ती सत्तावनच्या धामधुमीसाठी वाचतात. तसंच वाचावं, पण गंगास्नानाचं ते शेवटचं पान घाईने उलटू नये. कुणाकडे परत जायचं, हे त्या माणसाला सगळ्या वणवणीत ठाऊक होतं.

आता आमच्या शाखेतल्या मुली प्रमोशनचा अर्ज भरण्याआधी माझ्याकडे येतात. त्यांना मी जा म्हणूनच सांगते. मात्र सबबी पुढे करू नका, मला जायचं आहे असं म्हणा. घरातल्या लहानात लहान माणसालाही समोर बसवून सांगा, आणि आपल्यामागे कोण काय उचलणार आहे ते त्यांच्याच तोंडून ऐकून घ्या. आणि हे वाचणाऱ्यांपैकी जे मागे राहिले आहेत, आई, सासू, नवरा, धाकटी बहीण, त्यांनी तेवढ्या वर्षांचं लिहून ठेवावं. चार पानं झाली तरी चालतील. मराठीला त्या पुस्तकांची गरज आहे.