शेजारचा खुंटा

घोडा म्हटलं की आम्हां गोंयकारांना आधी घोडेमोडणी आठवते. शिगम्यात सत्तरी, डिचोली, पेडण्याकडे कमरेला लाकडी घोडा बांधून, हातात तलवार घेऊन ढोल-ताशांवर नाचणारे गडी बघतच मी लहानाचा मोठा झालो. त्या घोड्याला पाय नाचणाऱ्याचेच. खरा घोडा निवांतपणे, जवळून बघायला मला भोपाळला जावं लागलं.

गेलो होतो भीमबेटका बघायला. भोपाळपासून सुमारे ४५ किलोमीटरवर, रायसेन जिल्ह्यात. डॉ. विष्णु श्रीधर वाकणकरांनी १९५७ साली ही चित्रं जगापुढे आणली, २००३ साली ती जागतिक वारशाच्या यादीत गेली. मराठी माणसाचं नाव तिथे वाचलं की ऊर भरून येतो, तो भाग वेगळा. त्या खडकांवर हरणं, गवे आपापल्या कळपात दिसतात. घोडे मात्र मी पाहिले ते बहुतेक उत्तरकाळातल्या चित्रांतले, आणि त्यांच्या पाठीवर ढाल-तलवार घेतलेला स्वार. आमच्या घोडेमोडणीसारखंच!

संध्याकाळी जुन्या शहरात परतलो तेव्हा एका गल्लीच्या तोंडाशी तबेला दिसला. लग्नाच्या वरातीला घोड्या भाड्यानं देणाऱ्या एका म्हाताऱ्या चाचांचा. आत दोन पांढऱ्या घोड्या. एकीचं तोंड दुसरीच्या शेपटीकडे, अशा उभ्या. एकीची शेपटी हलली की दुसरीच्या डोळ्यांवरच्या माश्या उडायच्या. थोड्या वेळानं वळून समोरासमोर आल्या आणि माना एकमेकींवर टाकून, खांदे जिथे पाठीला मिळतात तिथे दातांनी हळूहळू खाजवू लागल्या. मी अर्धा तास तसाच उभा.

चाचा म्हणाले, सख्ख्या नाहीत, वेगवेगळ्या गावांहून आणलेल्या. सात वर्षं शेजारी बांधल्यात. एक वरातीला गेली की मागे राहिलेली दारापर्यंत दोर ताणून खिंकाळत राहते. "अकेली बांधो, साहब, तो रात भर खड़ी रहती है."

नंतर यावर थोडं वाचलं, तेव्हा चाचांचं बोलणं अधिक कळलं. घोडा उभ्यानं डुलक्या घेतो, हे आपल्याला ठाऊक असतं. पण गाढ झोपेसाठी त्याला आडवं व्हावं लागतं, आणि ते तो निर्धास्त असेल तेव्हाच. कळपात काही झोपतात तेव्हा निदान एखादा जागा असतो. शिकार होणाऱ्या जनावराला मित्र हवा असतो तो यासाठी. १९९३ साली फ्रान्समधल्या कामार्ग घोड्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या खांद्याजवळच्या जागी खाजवलं की घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, असं त्यात दिसलं. आणि कळपात घोडा कुणाच्याही जवळ जात नाही, त्याचे एक-दोन ठरलेले सोबती असतात.

आपल्याकडे घोड्याच्या मैत्रीच्या गोष्टी कमी नाहीत. राणा प्रतापांचा चेतक तर पोराटोरांना पाठ. पण त्या सगळ्या माणसाशी असलेल्या मैत्रीच्या. घोडा स्वारासाठी नदी ओलांडतो, जीव देतो. खरारा, चंदी, मोतद्दार, आगाडी-पिछाडी, शब्द पाहिले तर तेही सगळे आपण त्याला कसं ठेवतो याचे. रात्री स्वार घरी गेल्यावर शेजारच्या खुंट्याला कोण बांधलंय, हे बखरीत कोण लिहिणार?

निघताना चाचांनी सहज सांगितलं, की दत्तजयंतीला एक घोडी सारंगखेड्याच्या बाजारात न्यायची आहे. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी भरणारा हा घोडेबाजार. "दोन्ही विका की एकत्र," मी शहाणपणा केला. ते हसले. जोडी घेणारा मिळत नाही, आणि दोन्ही गेल्या तर घरात चूल कशावर पेटणार? धाकटीच्या लग्नाचं देणं डोक्यावर होतं. मी गप्प बसलो. त्यांना त्या दोघींचं काही वाटत नव्हतं असं कसं म्हणू? सात वर्षं शेजारी बांधल्या होत्या त्या त्यांनीच.

पौषात त्यांना फोन केला. एक विकली गेली होती. दुसरीनं चार दिवस चंदीला तोंड लावलं नाही, असं म्हणाले. मग कुणीतरी सुचवलं म्हणून त्यांनी एक शेळी आणून शेजारच्या खुंट्याला बांधली. आधी घोडी तिच्याकडे बघेना. आता शेळी तिच्या पायांत बसते, आणि परवा पहाटे चाचांनी घोडीला आडवी होऊन झोपलेली पाहिलं.

मला बरं वाटलं, हे कबूल करतो. मग विकली गेलेल्या घोडीची आठवण झाली. तिच्या शेजारी काय बांधलं असेल, हे विचारायचं राहूनच गेलं.

असो. यंदा शिगम्यात घोडेमोडणी बघताना माझं लक्ष तलवारींकडे नव्हतं. दोन लाकडी घोडे शेजारी शेजारी येतात कधी, तेच बघत होतो.