गळ्यातली थैली



आईची जपमाळ पुन्हा हरवली होती. या वेळी ती पिठाच्या डब्यात सापडली. त्याआधी उशीच्या खोळीत, आणि एकदा तर फ्रिजमध्ये, कोथिंबिरीच्या जुडीखाली. आईला विस्मरणाचा आजार आहे हे आपल्या धर्मग्रामात सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या संध्याकाळी मी तिच्यावर ओरडले, हे कुणाला ठाऊक नाही. “एक माळ सांभाळता येत नाही तुला?” जिने मला मांडीवर बसवून नमो मरियेची प्रार्थना शिकवली, तिला मी हे म्हणाले. तिने काही उत्तर दिलं नाही. पदराने एकेक मणी पुसत बसली.

दुसऱ्या दिवशी मी चौटा बाजारातून काचेचे बारीक मणी आणले. ११ नंबरचे, म्हणजे जेमतेम दोन मिलिमीटरचे. सुरतेत मण्यांना तोटा नाही. साड्यांवर मणी-टिकली लावायचं काम इथे घरोघरी चालतं. ठरवलं, आईच्या गळ्यात अडकवायला एक छोटी थैली करायची, माळ मावेल एवढी.

मण्यांचं काम मला शेजारच्या बांनी शिकवलं. त्या सौराष्ट्रातल्या. त्यांच्याकडे आजीच्या हातचं मोतीभरताचं तोरण आहे, पांढऱ्या मण्यांच्या जमिनीवर रंगीत हत्ती आणि पोपट. तसलं काम फुलायला लागलं ते एकोणिसाव्या शतकात, व्हेनिसचे काचमणी झांझिबारला व्यापार करणाऱ्या काठियावाडी व्यापाऱ्यांमार्फत इकडे येऊ लागल्यावर. बा तीन-तीन मणी घेऊन विणतात. मला ते काही जमलं नाही. मी सोपी वीण घेतली, विटांच्या भिंतीसारखी. एक मणी घ्यायचा, खालच्या ओळीतला एक सोडायचा, पुढच्यातून सुई काढायची. पट्टी पुरेशी झाली की तिची पहिली आणि शेवटची ओळ चेनच्या दातांसारखी एकमेकींत बसते, नळी तयार होते. मग खालची बाजू शिवून टाकायची. ऐकायला सोपं आहे. चाळिशीनंतर त्या सुईच्या नेढ्यात दोरा ओवून पाहा, मग उंटाचा दाखला नव्याने कळतो!

दीड हजाराच्या आसपास मणी लागले. या कामात चुकून एखादा मणी जास्त ओवला गेला तर तो पक्कडीने फोडून काढता येतो. फोडताना त्याच्या भोकात दुसरी सुई घालून ठेवायची, नाही तर काचेच्या धारेने दोरा कापला जातो. पण मणी राहून गेला असेल तर काही इलाज नाही. तिथपर्यंत उसवत मागे जावं लागतं. माझा नवव्या ओळीत राहिला होता आणि लक्षात आला एकविसाव्या ओळीला. बारा ओळी उसवल्या.

उसवताना डोक्यात आईच होती. बोललेले शब्द उसवता येत नाहीत. क्षमा मागावी, तर जिची मागायची तिला ते आठवतही नाही. तिला आठवत नाही म्हणजे सुटलो, असा एक विचार मनात आलाच. तो आला याचीच लाज वाटली.

एका बायबल अभ्यास शिबिरात फादरांनी एक इब्री शब्द सांगितला होता, ‘त्सरोर’. म्हणजे बांधलेली पुरचुंडी, थैली. योसेफाच्या भावांना गोणीत पैशाच्या पुरचुंड्या सापडल्या, तिथे हाच शब्द. गीतरत्नात प्रिया आपल्या प्रियकराला उराशी बाळगलेल्या गंधरसाच्या पुरचुंडीची उपमा देते, तिथेही हाच. आणि नाबालाची बायको अबीगईल चिडलेल्या दाविदाला अडवते, तेव्हा ती सांगते की तुझा जीव परमेश्वराजवळ जिवंतांच्या थैलीत बांधलेला राहील, आणि शत्रूंचे जीव मात्र गोफणीच्या खळग्यातून भिरकावले जातील (१ शमुवेल २५:२९). तिचे ते शब्द यहुदी लोक आजही आपल्या थडग्यांवर आद्याक्षरांनी कोरतात.

माझी आई स्वतःचं नाव कधी कधी विसरते. त्या थैलीचा दोरा तिच्या हातात नाही, हे मला त्या रात्री पहिल्यांदा बरं वाटलं.

पण हाच शब्द ईयोबाच्या पुस्तकातही आहे, आणि तिथे थैलीत मोहरबंद केलेले आहेत ते अपराध (ईयोब १४:१७). ते पुरावा म्हणून जपून ठेवलेत की कायमचे नजरेआड केलेत, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. मी पापनिवेदनाला गेले. फादर म्हणाले, “देवाची क्षमा मिळाली. आता आईची माग.” मी म्हटलं, तिला कळणार नाही. ते म्हणाले, “तुला कळेल ना?”

थैलीला पट्टा लावला. मागे फक्त एक प्रेसबटण. झोपेत कुठे अडकला तर ओढ बसताच सुटायला हवा. ऑक्टोबर, जपमाळेचा महिना, लागायच्या आदल्या संध्याकाळी ती आईच्या गळ्यात घातली आणि तिच्या पायाशी बसले. “आई, त्या दिवशी मी तुझ्यावर ओरडले. चुकलं माझं.” पुढे बोलता येईना.

आईने माझ्याकडे निरखून पाहिलं. “रडताय कशाला, ताई? कुणी बोललं का तुम्हाला?”

मी मान हलवली.

“बोलू द्या,” ती म्हणाली. थैली उघडून तिने माळ काढली आणि माझ्या हातात दिली. “घ्या. म्हणा.”

एक दशक आम्ही दोघींनी मिळून म्हटलं. दहाच्या दहा नमो मरिया तिने बरोबर म्हटल्या, मीच सातव्याला अडखळले. मग मी माळ परत ठेवायला थैली उघडली, तर तिने मध्येच त्यात अर्धं बिस्कीट सरकवलं आणि बटण लावून टाकलं.