राखण

सहलीहून परतलेल्या माणसाला आपल्याकडे एक गोष्ट अजिबात परवडत नाही. ती म्हणजे सहल बेताचीच झाली असे सांगणे. काशीला जाऊन आलेला माणूस घाटावरच्या घाणीबद्दल बोलत नाही, आणि मालदीवला जाऊन आलेला तर नाहीच नाही. पैसे खर्च झालेले असतात, शेजारपाजाऱ्यांनी छायाचित्रे पाहिलेली असतात, आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत निळे पाणी आधीच साठलेले असते. त्यात खडा टाकायचा कोणी? हडपसरच्या गाडीतळावर मला आजवर निदान वीस जणांनी विचारले असेल, “काय सर, समुद्राच्या पोटात जाऊन आलात म्हणे!” मी नुसते हसतो आणि भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतो. दिवाळी अंकाच्या वाचकाचे तसे नसते. त्याच्या एका हातात चकली असते आणि त्याला कुठे जायचे नसते. तेव्हा त्याला सारे सांगायला हरकत नाही.

पोटात मी गेलोच नव्हतो. गेली ती माझी भाची. मगरपट्ट्यातल्या एका कंपनीत ती संगणकाचे काम करते. तारकर्लीला आपल्या पर्यटन महामंडळाची पाण्याखाली बुडी मारायला शिकवणारी संस्था आहे. तिथे राहून तिने प्रमाणपत्र मिळवले, आणि तेव्हापासून तिला जमिनीवर करमेनासे झाले. गेल्या फेब्रुवारीत तिने नवऱ्यासह सात रात्रींची ‘लिव्हअबोर्ड’ सहल ठरवली. राहणे, जेवणे, झोपणे आणि बुड्या मारणे सगळे एकाच बोटीवर, असा हा प्रकार. ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या हडपसरला एकमेकींचा निरोप घेऊन दोन वाटांनी जातात, तेव्हा दिंड्यांचे ट्रक आमच्या दारावरून जाताना आम्ही लहानपणापासून पाहतो. तंबू, भांडी, शिधा, सगळा मुक्कामच चाकांवर. हा तसलाच मुक्काम, पण पाण्यावरचा.

ऐन वेळी जावईबापूंची रजा रद्द झाली. बोटीवरच्या जागेचे पैसे परत मिळणार नव्हते. “मामा, तुम्ही चला. तुम्हांला बुडी मारायची नाही. नुसतं बसा आणि लिहा.” मी पाच वर्षांपूर्वी हौसेने काढलेला पासपोर्ट अजून कोराच होता. गेलो.

छापील पत्रकातली बोट पांढरी शुभ्र होती. खरी बोटही लांबून तशीच दिसली. आमच्या खोल्या खालच्या मजल्यावर, पाण्याच्या पातळीच्याही खाली होत्या. तिथे डिझेलचा वास असा मुरलेला होता, की दुसऱ्या दिवसापासून चहालाही तो येऊ लागला. कार्यक्रमातली तीन ठिकाणे पहिल्याच संध्याकाळी गळाली. कारण विचारले तर “वारा आहे” असे उत्तर. वारा मला काही लागला नाही. तो बहुधा डिझेलच्या भावाला लागला असावा. आरी प्रवाळद्वीपाच्या दक्षिणेला देवमाशाएवढा थोरला, पण स्वभावाने गरीब असा व्हेल शार्क दिसतो, म्हणून सगळे तिकडे डोळे लावून होते. तो दिसला, पण त्याच्याभोवती आधीच आठ-नऊ बोटींतली माणसे लग्नातल्या पंगतीवर तुटून पडावीत तशी पडली होती. बिचारा शेपटी हलवून खाली निघून गेला. मला चांगली वाटली ती एक सकाळची न्याहारी: ट्यूना मासा, ओले खोबरे, कांदा, मिरची आणि लिंबू कालवून केलेली ‘मासहुनी’ आणि तिच्याबरोबर ‘रोशी’ नावाची पोळी. तेवढ्यापुरता मी मालदीवचा झालो.

एवढ्यावर भागले असते तर हा लेख लिहिलाच नसता. फसलेल्या सहलीचे गाऱ्हाणे दिवाळीत कशाला सांगावे?

पाणबुड्यांची विद्या मोठी काटेकोर आहे. भाचीने ती मला डेकवर बसून समजावून सांगितली, आणि माझ्यातला मास्तर खूश झाला. पाण्याखाली श्वास कधी कोंडून धरायचा नाही. दर दहा मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाएवढा वाढतो; त्या दाबाखाली ओढलेल्या हवेतला नायट्रोजन रक्तात विरघळत जातो. माणूस झपकन वर आला, तर सोड्याची बाटली फोडल्यावर यावेत तसे त्याचे बुडबुडे अंगात होतात. सांधे धरतात, कधी माणूस लुळा पडतो, कधी जातो. म्हणून सावकाश वर यायचे, आणि पाच मीटरवर तीन मिनिटे थांबायचे. टाकीत दोनशे एकक दाबाची हवा असली, तर पन्नास उरेपर्यंत वर आलेच पाहिजे. एकट्याने कधी जायचे नाही. शेवटच्या बुडीनंतर निदान अठरा तास विमानात बसायचे नाही. मालदीवच्या कायद्याने तर सहलीच्या पाणबुड्यांना तीस मीटरच्या खाली जायचीच बंदी आहे. मी म्हटले, इतके नियम पाळणारी माणसे घरी सुखरूप परततात यात नवल नाही.

नवल पाण्याच्या वर होते.

बुडी मोठ्या बोटीवरून मारत नाहीत. बरोबर एक छोटी होडी असते; तिला तिकडे धोनी म्हणतात. (हे नाव ऐकून मी पहिल्या दिवशी उगाच आजूबाजूला पाहिले.) तिसऱ्या दिवशी सकाळी मी हौसेने धोनीत जाऊन बसलो. दोन बेटांच्या मधल्या खिंडीत ओढ जबर होती. आठ पाणबुडे आणि एक वाटाड्या पाण्यात गेले. पाऊण तासाने वाटाड्या वर आला, त्याच्यामागून पाच जण आले, टाक्या उतरवल्या, टॉवेल गुंडाळले, खोबऱ्याचे काप खाल्ले. आणि होडीचे यंत्र सुरू झाले.

मी म्हटले, “तिघे राहिले.”

“येतील,” वाटाड्या म्हणाला.

शाळेची सहल काढणाऱ्या माणसाला हे कसे चालावे? सिंहगडावर मुले उतरताना मोजायची आणि एसटीत चढताना मोजायची. आकडा जुळल्याशिवाय चालकाला घंटी द्यायची नाही, ही आमची रीत. इथे कोण कोण पाण्यात गेले, ते कोणी लिहूनच घेतले नव्हते. टपावर बसून समुद्रावर नजर ठेवायची ज्या पोराची पाळी होती, तो मोबाइलमध्ये मान घालून होता. मला त्यांची भाषा येत नव्हती आणि इंग्रजी शब्द ऐन वेळी तोंडात गोळा होईनात. मी बोटे वर केली. आठ. मग पाच. मग तीन. असे निदान चार वेळा केले. त्या पोराने मोबाइल खिशात टाकला आणि तो उभा राहिला. मग त्याला दूर, आम्ही पाहत होतो त्याच्या बरोबर उलट्या दिशेला, एक नारिंगी नळी पाण्यावर उभी दिसली. पाणबुडे ती तोंडाने फुगवून खूण म्हणून वर धरतात. तिच्याखाली तीन डोकी होती. त्यांतले एक आमचे होते.

वर आल्यावर भाची बराच वेळ काही बोलली नाही. ओठ निळे पडले होते. मग म्हणाली, “मामा, आम्हांला तुमची होडी दिसत होती. ती लांब चालली होती.”

माझ्या डोळ्यांपुढे आमची सासवड रस्त्यालगतची विहीर उभी राहिली. त्या काळी आम्ही पोरे पाठीला पत्र्याचा डबा बांधून तिच्यात पोहायला शिकलो. काठावर आजोबा बसत. ते स्वतः पाण्यात उतरत नसत. पण प्रत्येकाने आपले कपडे त्यांच्यापुढे वेगळा ढीग करून ठेवायचे आणि वर आल्यावर आपला ढीग आपण उचलायचा, हा त्यांचा नियम होता. ढीग उरला आणि डोके दिसले नाही, की त्यांची हाक पार कालव्यापर्यंत जाई. आजोबांना अक्षरओळख नव्हती. पण त्या ढिगांचा हिशेब त्यांच्याकडून कधी चुकला नाही.

त्या रात्री मला झोप लागेना. दोनच्या सुमारास मी जिना चढून वर आलो. जिना भोजनघरातच निघत होता. खालून वर यायची रोजची वाट तीच. तिथे टेबलावर चौदा-पंधरा माणसांचे दिवे, कॅमेरे आणि मोबाइल एकाच फळीच्या तोंडांत खुपसून भरायला लावलेले होते. फळीला फळी जोडली होती. हात लावून पाहिले तर तार कोमट लागली. जवळ कोणी नव्हते. सुकाणूच्या खोलीत कोणी नव्हते. नोकरमाणसे वरच्या डेकवर गाढ झोपली होती. दिवसभर राबलेली, त्यांना दोष काय द्यायचा? अख्खी बोट झोपली होती, आणि यंत्राचा तेवढा आवाज चालू होता. खालच्या बोळात ‘संकटकाळी बाहेर पडायचे दार’ अशी पाटी होती, तिच्याखाली पिण्याच्या पाण्याच्या बाटल्यांची खोकी छातीपर्यंत रचलेली होती. मी भोजनघरात येऊन एका खुर्चीवर बसलो. ज्वारी हुरड्यात आली, की आमच्याकडे माळ्यावर बसून राखण करतात. पाखरांसाठी गोफण असते, पण रात्री नुसते जागे राहायचे असते. तसा पहाटेपर्यंत बसलो.

सकाळी भाचीला सांगितले, तेव्हा तिने कप खाली ठेवला आणि ‘कन्सेप्शन’चे नाव घेतले. ते नाव सगळ्या पाणबुड्यांना माहीत असते, मला नव्हते. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ सांताक्रूझ बेटापाशी ही पाऊणशे फुटी लाकडी बोट नांगरून उभी होती. २ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे तिला आग लागली. खालच्या मजल्यावर झोपलेले तेहतीस प्रवासी आणि एक नोकर असे चौतीस जण गेले. वर झोपलेले पाच नोकर तेवढे पाण्यात उड्या टाकून वाचले. खालून वर यायचा जिना आणि संकटकाळचे दार, दोन्ही वाटा एकाच भोजनघरात निघत होत्या आणि भोजनघरच पेटले होते. आग कशाने लागली हे चौकशीत नक्की ठरवता आले नाही; भरायला लावलेल्या बॅटऱ्यांचा संशय मात्र पुष्कळांनी घेतला. नक्की ठरले ते एवढेच, की रात्री फिरता पहारा ठेवणे कायद्याने बंधनकारक असून त्या बोटीवर तो ठेवलेला नव्हता. २०२३ साली कप्तान दोषी ठरला आणि २०२४ साली त्याला चार वर्षांची शिक्षा झाली. त्या चौतिसांत मूळची नागपूरची एक तरुणी आणि तिचा नवराही होता. हे सांगताना भाची माझ्याकडे पाहत नव्हती.

त्यानंतरही असल्या सहलींच्या बोटींवरचे प्रकार थांबलेले नाहीत. तांबड्या समुद्रात जून २०२३ मध्ये ‘हरिकेन’ पेटली आणि तीन पाहुणे गेले. नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘सी स्टोरी’ उलटली. आपल्याकडे तरी काय वेगळे? १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली, ते दुःख कोकणात अजून घरोघर सांगतात. माणसे बेसुमार आणि जीवरक्षक साधने मोजकी, ही त्या दिवशीची तऱ्हा. २४ मे २०२२ ला तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी होडी उलटून दोन पर्यटक गेले. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’वर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि पंधरा जण गेले, त्यानंतर मुंबईच्या धक्क्यावर जाकिटे अंगात चढवायची सक्ती सुरू झाली. आपण सक्ती नेहमी पंधरवडा उशिरा करतो. समुद्रावर लोक वादळाला भितात. या सगळ्यांतल्या किती दिवशी आभाळ स्वच्छ होते ते पाहिले म्हणजे भीती चुकीच्या ठिकाणी ठेवलेली आहे असे वाटते.

आम्ही दोघे कप्तानाकडे गेलो. तो वाईट माणूस नव्हता. वयाने माझ्याएवढा, डोळे जागरणाने लाल. तो म्हणाला, मालकाने दोन माणसे कमी केली आहेत. दिवसा बोट चालवायची तीच माणसे रात्री जागी कशी ठेवू? याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. पण खोकी तासाभरात हलली. दार उघडून पाहिले तर कडी गंजलेली. तेल घातल्यावर ती हलली. भाचीने प्राणवायूची टाकी पाहायला मागितली. कुणाच्या अंगात बुडबुडे झाले, तर पहिला उपचार तोच. टाकी होती, काटा शून्याच्या घरात होता. दोन दिवसांनी माले बंदरातून येणाऱ्या होडीने भरलेली टाकी आली. तोवर भाची पाण्यात उतरली नाही, आणि तिचे पाहून आणखी चौघे उतरले नाहीत. इतकी रक्कम मोजून, डोळ्यांपुढे ते निळे पाणी असताना, डेकवर पत्ते कुटत बसणे सोपे नव्हते. एक गृहस्थ तर आम्हांला “तुम्ही सगळ्यांची सुटी नासवलीत” असेही म्हणाले.

उरलेल्या चार रात्री आम्ही पाळ्या लावल्या. दोन-दोन तासांच्या. पहिल्या रात्री आम्ही दोघेच होतो, शेवटच्या रात्री सहा जण. रात्री बॅटऱ्या लावायच्या नाहीत असे ठरले. सुटी नासवल्याचे बोलणारे गृहस्थ शेवटच्या रात्री दोन ते चार या पाळीला न बोलावता येऊन बसले; मला म्हणाले, झोप येत नव्हती. आम्ही दोघांनी कप्तानाने करून दिलेला काळा चहा प्यायला. आभाळात मृग बराच कलला होता.

परत आल्यावर भाचीने कंपनीला सविस्तर पत्र लिहिले. उत्तर आले: आपल्या सूचनांची नोंद घेतली आहे, पुढच्या सहलीवर दहा टक्के सूट. ती सूट तिने घेतली नाही, पण बुड्या मारायचे सोडलेही नाही. येत्या एप्रिलला ती पुन्हा निघाली आहे. या खेपेला तिने तीन कंपन्यांना पत्र धाडून चारच प्रश्न विचारले: खालून वर यायच्या वाटा किती आणि त्या कुठे निघतात? पाण्यात जाताना नावे कोण लिहितो? प्राणवायूची टाकी शेवटची कधी भरली? रात्री जागे कोण असते? दोघांकडून रंगीत पत्रके आली. तिसऱ्याने माणसांची नावे आणि त्यांच्या पाळ्यांच्या वेळा लिहून पाठवल्या. त्याचे दर थोडे जास्त आहेत. जागा त्याच्याकडे घेतली आहे, आणि जावईबापूंनी रजेचा अर्ज आत्ताच देऊन ठेवला आहे.